सर्व्हर कुणाच्या घरी?

(मुळशी इथल्या युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळी येताना पौड मागे पडलं आणि बसमधले निम्मे हात फोन घेऊन खिडकीबाहेर गेले. रेंज गेली होती. इथे उतरल्यावर तिघांनी मला विचारलं, "मॅडम, इथे नेट नाही का?" या हॉलमध्ये तरी नाही. आणि त्याचा आज आपण उपयोग करून घेणार आहोत. ते शेवटी.

मी पुण्यात नेटवर्कचं काम करते. म्हणजे इंटरनेट बंद पडलं की ज्यांना आधी शिव्या पडतात, त्या माणसांपैकी एक. मी वकील नाही. कायद्याबद्दल जे बोलेन ते वाचून, नागरिक म्हणून बोलेन. मेसेज इकडून तिकडे कसा जातो, वाटेत त्याला कोण अडवू शकतं, हे मात्र माझ्या रोजच्या कामातलं आहे.

सुरुवात ७ जून २०२३ पासून करते. कोल्हापूर. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला औरंगजेब आणि टिपू सुलतान ठेवले, त्यावरून बंद पुकारला गेला, शिवाजी चौकात जमाव आला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर वापरला. मग इंटरनेट बंद झालं. माझी खाला तिथे राहते. त्या दुपारी अम्मीने तिला सतरा मेसेज टाकले असतील. सगळ्यांवर एकच टिक. दुसरी टिक येईना. ती नुसती त्या टिककडे बघत बसली होती. शेवटी अब्बू म्हणाले, "अगं, साधा फोन लाव की." लावला. पहिल्या रिंगला खालाने उचलला.

ही गोष्ट लहान वाटेल, पण लक्षात ठेवा. सरकार 'नेट बंद' करतं तेव्हा बहुतेक वेळा डेटा बंद होतो, फोनची रिंग आणि साधा एसएमएस चालू राहतो. घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही, कारण आपण बोलणं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप हे समीकरण पक्कं करून टाकलं आहे.

खालाला त्या दिवशी दुकानाची काळजी नव्हती. काळजी होती धाकट्याच्या फोनची. सोळा वर्षांचा पोरगा. त्याने स्टेटस ठेवलं नव्हतं, पण कुठल्याशा ग्रुपवर आलेला फोटो त्याच्या गॅलरीत आपोआप उतरला होता. खालाने त्याला अ‍ॅपच काढायला लावलं. पुढच्या आठवड्यात तो मला म्हणतो, "आपा, व्हॉट्सअ‍ॅप एन्क्रिप्टेड आहे ना? मग अम्मी एवढी का घाबरते?"

त्याचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही. आज देते.

एन्क्रिप्शन रस्त्याची राखण करतं. मेसेज तुमच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि समोरच्याच्या फोनमध्ये उघडतो, मधल्या कुणाकडे किल्ली नसते. व्हॉट्सअ‍ॅपने हे एप्रिल २०१६ मध्ये सगळ्यांसाठी पूर्ण केलं, आणि त्यासाठी सिग्नलचीच पद्धत वापरली. ते कुलूप खरंच पक्कं आहे. पण स्टेटस ही चारशे लोकांना दाखवलेली चीज आहे. त्यातला एकजण स्क्रीनशॉट काढतो. इथे कुलूप फुटलेलं नाही, दार आपणच उघडं ठेवलं होतं. कोल्हापुरात एन्क्रिप्शनचा काही संबंधच नव्हता. पुसेसावळीला, १० सप्टेंबर २०२३ ला, समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून जमाव मशिदीवर गेला, एका तरुणाचा जीव गेला, सातारा जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं. तिथेही नव्हता. आणि हडपसरला २ जून २०१४ रोजी मोहसीन शेखला मारलं, तेव्हा तर ज्या फेसबुक पोस्टवरून सगळं पेटलं होतं तिच्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. नमाज पढून घरी चालला होता तो.

म्हणून आधीच सांगते. कुठलंही अ‍ॅप तुम्हाला जमावापासून वाचवणार नाही. असं कुणी सांगत असेल तर तो अ‍ॅप विकायला आलाय.

फोन कुणाच्या हातात पडला तरी एन्क्रिप्शन संपतं. आपल्या पुण्यातलंच उदाहरण घ्या. एल्गार परिषद, ३१ डिसेंबर २०१७, शनिवारवाडा. त्यानंतरच्या खटल्यात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपवर सापडलेली पत्रं हा मोठा पुरावा म्हणून मांडला गेला. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या फॉरेन्सिक संस्थेने बचाव पक्षाच्या वतीने तपासणी करून अहवाल दिला की ही पत्रं नेटवायर नावाचं मालवेअर वापरून बाहेरून त्या लॅपटॉपमध्ये ठेवली गेली होती. जगातलं सगळ्यात भारी मेसेंजर वापरलं असतं तरी त्याने काय फरक पडला असता? म्हणून अ‍ॅपच्या आधी साध्या गोष्टी येतात. फोन अपडेट ठेवा. अनोळखी अटॅचमेंट उघडू नका. ग्रुपवरचे फोटो आपोआप उतरवणं बंद करा, सेटिंगमध्ये एका मिनिटाचं काम आहे. बॅकअपला वेगळं कुलूप लावा. व्हॉट्सअ‍ॅपने ती सोय २०२१ पासून दिली आहे, पण ती आपण स्वतः चालू करावी लागते. इथे किती जणांनी केली आहे? हात वर करा. चार. ठीक.

आता मुद्द्यावर येते. कुलूप पक्कं आहे हे मानलं, तरी रस्ता कुणाचा?

खिडकीतून बाहेर बघा. हे पाणी. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, टाटा कंपनीच्या या धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्याचे पुढारी. 'जान किंवा जमीन' अशी घोषणा होती. लढा काही वर्षं चालला, बापट तुरुंगात गेले, धरण झालंच. पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात जाऊ लागलं आणि वीज मुंबईला. ज्यांच्या भाताच्या खाचरांवर पाणी उभं राहिलं, त्यांच्या घरात चिमणी पेटत राहिली. मी धरणविरोधाचं भाषण करायला आलेली नाही, मुंबईची लोकल विजेवरच चालते हे मलाही कळतं. पण पाणी एका जागी साठलं की त्याची चावी एका जागी जाते, आणि चावी कुणाच्या हातात हे खोऱ्यातल्या माणसाला कुणी विचारत नाही, एवढं या तलावाकडे बघून कळतं.

व्हॉट्सअ‍ॅप हे असं धरण आहे. सिग्नलही आहे. टेलिग्रामही. तुमचा मेसेज कुलूपबंद असला तरी तो एकाच कंपनीच्या सर्व्हरवरून जातो. यालाच केंद्रित म्हणतात. याचे दोन परिणाम होतात.

पहिला, सर्व्हर झोपला की सगळे झोपतात. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकच्या नेटवर्कमध्ये चूक झाली आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर सहाएक तास बंद पडलं. २० ऑक्टोबर २०२५ ला अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतल्या डेटासेंटरमध्ये बिघाड झाला, त्यात सिग्नलही बंद. सिग्नल अ‍ॅमेझॉनच्या जागेत भाड्याने राहतं हे कित्येकांना त्या दिवशी कळलं.

दुसरा, ज्याला बंद पाडायचंय त्याला एकच दार बंद करायचं असतं. ब्राझीलच्या न्यायाधीशांनी २०१५-१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप देशभर तीनदा बंद केलं. इराणने जानेवारी २०२१ मध्ये सिग्नल अडवलं. नेपाळने ४ सप्टेंबर २०२५ ला एका फटक्यात २६ प्लॅटफॉर्म बंद केले, त्यात व्हॉट्सअ‍ॅप आणि सिग्नल दोन्ही. नंतर तिथे काय झालं ते तुम्ही रील्सवर पाहिलंच आहे.

अर्थात दार बंद करणं दर वेळी सोपं नसतं. रशियाने एप्रिल २०१८ मध्ये टेलिग्रामवर बंदी घातली. टेलिग्राम अ‍ॅमेझॉन आणि गूगलच्या पत्त्यांवर उड्या मारत राहिलं, रशियाने दीड कोटीहून जास्त आयपी पत्ते अडवले, त्यात स्वतःच्याच लोकांची दुकानं आणि बँकांच्या सेवा अडकल्या, टेलिग्राम चालूच. जून २०२० मध्ये बंदी उठवली. म्हणजे केंद्रित सेवा तग धरू शकते, पण तिच्या मालकाकडे पैसा आणि मर्जी असेल तोवर. मर्जी बदलली की तुम्ही काय करणार? टेलिग्राम वापरणाऱ्यांसाठी आणखी एक: त्याचे ग्रुप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतातच. फक्त 'सीक्रेट चॅट' असते, ती वेगळी सुरू करावी लागते. आपल्याकडे टेलिग्राम म्हणजे गुप्त असा जो समज आहे तो कुठून आला देव जाणे.

आता आपल्या देशात काय झालं ते सांगते. मे २०२३ मध्ये बातमी आली की जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवाद्यांकडून वापर होतो या कारणाने केंद्र सरकारने १४ मेसेंजर अ‍ॅप बंद केले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली. त्या यादीत आयएमओ, थ्रीमा, विकर अशी नावं होती, आणि दोन नावं अशी होती की आमच्या धंद्यातली माणसं चमकली: एलिमेंट आणि ब्रायर. कारण हे दोन्ही धरणं नाहीत.

एलिमेंट हे नुसतं एक अ‍ॅप आहे, मॅट्रिक्स नावाच्या खुल्या पद्धतीवर चालणारं. मॅट्रिक्सचा सर्व्हर कुणीही उभा करू शकतो. फ्रान्सच्या सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी 'चाप' नावाचं मेसेंजर याच पद्धतीवर केलं आहे, जर्मन लष्कर वापरतं. बातम्यांमध्ये बंदीचं कारण असं आलं की या कंपन्यांचा भारतात प्रतिनिधी नाही, त्यांच्याशी संपर्क होत नाही. एलिमेंटने जाहीर सांगितलं की भारतीय अधिकाऱ्यांनी पूर्वी संपर्क केला होता आणि आम्ही उत्तरं दिली होती. आणि गंमत बघा. एलिमेंटची वेबसाइट अडवली तरी मॅट्रिक्सचे बाकीचे सर्व्हर आणि बाकीची अ‍ॅप चालूच राहिली. बंदी पाटीवर बसली, रस्त्यावर बसली नाही.

मग पकडायचं होतं ते पकडले गेले का? ते मला माहीत असण्याचं कारण नाही. पण मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतल्या मंडळींनी या बंदीविरुद्ध केरळ उच्च न्यायालयात याचिका केली. त्यामागचा प्रश्न मला पटतो: हुकूम कुठे आहे, दाखवा. ६९-अ च्या नियमांत, २००९ च्या, सोळावा नियम गुप्ततेचा आहे. हुकूम गुप्त, तक्रार गुप्त, कारवाई गुप्त. आपण कशामुळे दोषी ठरलो हे ज्याच्यावर बंदी आली त्याला नीट कळत नाही.

याच्या शेजारी दुसरा निकाल ठेवा. १० जानेवारी २०२०, अनुराधा भसीन विरुद्ध भारत सरकार. काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवर सर्वोच्च न्यायालय म्हणालं की बेमुदत बंदी चालणार नाही, बंदी गरजेच्या प्रमाणात हवी, आणि हुकूम प्रसिद्ध केला पाहिजे. २०२४ च्या नव्या नियमांत एका हुकमाला १५ दिवसांची मर्यादा आहे. म्हणजे तुमच्या गावात नेट बंद झालं तर तुम्ही तहसीलदाराकडे, जिल्हाधिकाऱ्याकडे हुकमाची प्रत मागू शकता. आजवर किती जणांनी मागितली? आम्हीही नाही मागितली कोल्हापूरच्या वेळी. सुचलंच नाही. टिक बघत बसलो.

आता विकेंद्रित म्हणजे काय, हे ईमेलवरून समजून घ्या. तुमचं खातं जीमेलवर, माझं दुसरीकडे, तरी आपण एकमेकांना पत्र पाठवतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून सिग्नलला मेसेज पाठवून बघा. मेसेंजरमध्येही ईमेलसारखी खुली पद्धत पंचवीस वर्षांपासून आहे. तिचं नाव एक्सएमपीपी, जुनं नाव जॅबर, १९९९ ची गोष्ट. गूगल टॉक आठवतंय कुणाला? तुम्ही लहान होतात. ते या पद्धतीवर चालायचं आणि बाहेरच्या सर्व्हरशी बोलायचं. २०१३ मध्ये गूगलने हँगआउट्स आणलं आणि दार लावून घेतलं. व्हॉट्सअ‍ॅपची सुरुवातही याच पद्धतीच्या सॉफ्टवेअरवर झाली, फक्त बाहेरच्यांशी बोलायचं दार त्यांनी कधी उघडलंच नाही. विहिरीवर सगळ्यांनी पाणी भरायचं, आणि एकाने भिंत घालून घ्यायची, तसं.

महाराष्ट्राच्या पोराला विकेंद्रित समजावणं खरं तर अवघड नाही. गावोगावची दूध डेअरी, पतपेढी, पाणीवापर सोसायटी. सभासद आपण, हिशेब आपल्यासमोर, चेअरमन नालायक निघाला तर पुढच्या निवडणुकीत पाडायचा. पडत नाही तो भाग वेगळा. भारतातल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्या काही जणांनी 'प्रव' नावाचं मेसेंजर एक्सएमपीपीवर आणलं आहे, आणि ते वापरणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेने चालवावं असा त्यांचा विचार आहे. माझ्या माहितीत हा सगळ्यात मराठी वाटणारा विचार आहे.

इथपर्यंत ऐकून वाटेल की मी सांगणार, व्हॉट्सअ‍ॅप सोडा, आपला सर्व्हर टाका. थांबा. मी टाकलाय. तीन वर्षं झाली. कोल्हापूरनंतरच. घरची मंडळी आणि आमचा वाचनगट मिळून चाळीसेक माणसं. जुना छोटा कॉम्प्युटर, घरात टीव्हीच्या मागे.

पहिल्या वर्षी चाँदरातीला तो बंद पडला. सर्व्हरला एक सर्टिफिकेट लागतं, आम्ही घेतो ते ९० दिवसांनी नवं करावं लागतं. ते आपोआप व्हायची सोय असते, आणि मीच दोन आठवड्यांपूर्वी काहीतरी सुधारायला जाऊन ती सोय मोडून ठेवली होती. चाळीस माणसांच्या फोनवर लाल इशारा, कुणाचीही ईद मुबारक कुणाला जाईना. मी शीरखुर्म्याचं दूध गॅसवर ठेवून टीव्हीच्या मागे वाकलेली. दूध ऊतू गेलं. दुसऱ्या दिवशी खाला म्हणाली, "बेटा, तुझं ते जॅबर-बिबर राहू दे, आम्ही आपले व्हॉट्सअ‍ॅपवरच बरे." अम्मीने फोन बदलला तेव्हा तिचे जुने मेसेज नव्या फोनवर उघडेनात, कारण किल्ल्या जुन्या फोनमध्ये. तिला वाटलं मी पुसून टाकले. दोन दिवस बोलली नाही.

तेव्हा केंद्रित सेवावाल्यांची बाजूही ऐका. सिग्नल ज्यांनी सुरू केलं त्या मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २०१६ मध्येच लिहिलं होतं की विखुरलेल्या पद्धती जागच्या जागी गोठतात, कारण शंभर सर्व्हर आणि पन्नास अ‍ॅप एकाच वेळी सुधारता येत नाहीत. एका जागी असलं की एका रात्रीत सगळ्यांचं कुलूप बदलता येतं. खरं आहे ते. दुसरी बाब, कोण कुणाशी बोललं ही माहिती. मेसेज वाचता आला नाही तरी रात्री दोन वाजता अमुकने तमुकला सहा मेसेज केले, हेच पुष्कळदा पुरेसं असतं. सिग्नलला २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाकडून माहिती देण्याचा हुकूम आला, तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच तारखा होत्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं. याउलट मॅट्रिक्सवर ग्रुपमध्ये जितके सर्व्हर तितक्या ठिकाणी ही माहिती पसरते. आणि माझ्या टीव्हीमागच्या कॉम्प्युटरवर, खरं सांगते, मी बघायचं ठरवलं तर कोण कधी जागं होतं हे मला दिसतं. मजकूर दिसत नाही. पण वाचनगटातलं कोण कुणाशी तासन्‌तास बोलतंय हे अ‍ॅडमिनला कळू शकतं. मी बघत नाही. तुम्हाला माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. ही काही चांगली रचना नाही.

शिवाय ओळखीच्या माणसावर दबाव टाकणं फार सोपं. कंपनीचे वकील दिल्ली उच्च न्यायालयात उभे राहून सांगू शकतात, आणि एप्रिल २०२४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या वकिलांनी सांगितलंही, की एन्क्रिप्शन तोडायला लावलंत तर आम्हाला इथून जावं लागेल. २०२१ च्या आयटी नियमांत पहिला मेसेज कुणी पाठवला ते शोधून देण्याची जी अट आहे, तिच्याविरुद्ध तो खटला आहे. माझ्या दारात दोन साहेब आले तर मी कुठे जाणार?

इथे मला १९४२ आठवतं. काँग्रेस रेडिओ. गांधीजी आणि सगळे पुढारी तुरुंगात, वर्तमानपत्रांवर बंधनं. मुंबईत उषा मेहता नावाची बावीस वर्षांची विद्यार्थिनी आणि तिचे साथीदार २७ ऑगस्टला गुप्त रेडिओ सुरू करतात. पोलीस लहरींचा माग काढत फिरतायत आणि ट्रान्समीटर इमारती बदलतोय. किती दिवस चालला? १२ नोव्हेंबरला पकडला गेला, अडीच महिने. पकडला कसा गेला? लहरींच्या हिशेबापेक्षा माणसामुळे. त्यांच्याच एका तंत्रज्ञाने पोलिसांना वाट दाखवली. जागा बदलत राहिले तरी ट्रान्समीटर एक होता, आणि तो कुठे आहे हे माहीत असणारा माणूस पुरेसा होता. त्या पोरीने पुढे तुरुंग भोगला, पण सोबत्यांविरुद्ध तोंड उघडलं नाही. उषाबेनचं कौतुक करताना आपण त्या दुसऱ्या माणसाबद्दल बोलत नाही. मला सर्व्हर चालवणारी म्हणून तो जास्त आठवतो.

यावर एक उपाय म्हणजे सर्व्हरच नको. ब्रायर तसं आहे. फोन नंबर लागत नाही, सर्व्हर नाही. इंटरनेट असेल तर टॉरवरून, नसेल तर ब्लूटूथ किंवा वाय-फायवरून एका फोनमधून थेट दुसऱ्यात. अंतर थोडंच, या हॉलएवढं. दोघेही एकाच वेळी चालू असावे लागतात, बॅटरी खातं, पासवर्ड विसरलात तर खातं गेलं, कुणी परत देणार नाही. आयफोनवर नाही. हाँगकाँगच्या आंदोलनात २०१९ मध्ये ब्रिजफाय नावाचं असंच ब्लूटूथवालं अ‍ॅप गाजलं होतं, पुढच्या वर्षी संशोधकांनी दाखवलं की त्याचं कुलूप कच्चं होतं. म्हणजे नेट नसताना चालतं एवढ्यावर भाळू नका.

आणि ब्रायर त्या १४ च्या यादीत आहे. तर तुमच्या मनातला प्रश्न मीच विचारते, कारण चहाच्या वेळी एका मुलीने हळूच विचारला: "माझ्या फोनमध्ये असलं अ‍ॅप सापडलं आणि माझं नाव हे आहे, तर?"

हसू नका. प्रश्न बरोबर आहे. मे २०२५ मध्ये याच तालुक्यात, पौडच्या घटनेनंतर काही गावांत बाहेरच्या मुसलमानांनी मशिदीत नमाजला येऊ नये असे फलक लागले. त्या दिवसांत इथल्या पोराच्या फोनमध्ये काय आहे याला काय अर्थ लावला गेला असता, हे मला तुम्हाला सांगायला नको. कायद्याची बाजू मला समजते ती अशी: ६९-अ चा हुकूम सेवा अडवण्यासाठी कंपन्यांना दिला जातो, ते कलम वापरणाऱ्याला शिक्षा सांगत नाही. पण जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांनी वेगळे हुकूम काढून व्हीपीएन वापरणाऱ्यांवरच कारवाई केली आहे. त्यामुळे आपल्या भागात कुठला हुकूम लागू आहे ते वकिलाला विचारल्याशिवाय हिरोगिरी करू नका. ज्या गोष्टीची आपल्याला गरज नाही ती फक्त भारी वाटते म्हणून फोनमध्ये ठेवू नका. आणि गरज असेल तर लाजू नका. माझी मैत्रीण घरगुती हिंसेच्या केसेस बघते, तिच्याकडे येणाऱ्या बायकांचे नवरे फोन तपासतात. तिला एन्क्रिप्शन लागतं. डॉक्टरला लागतं. पत्रकाराला लागतं. 'लपवण्यासारखं काय आहे' असं विचारणाऱ्याला माझं एकच म्हणणं असतं, तुमच्या बायकोचे रिपोर्ट या ग्रुपवर टाका.

माझा स्वतःचा फोन उघडून सांगते. रोजचं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर, कारण खाला तिथे आहे. ज्याबद्दल सावध राहायचं ते सिग्नलवर, मेसेज आठवड्याने आपोआप जातात. वाचनगट आमच्या सर्व्हरवर, आणि आता त्याची चावी माझ्या एकटीकडे नाही. तिघांकडे आहे, दोघं पुण्यात, एक साताऱ्यात, सर्टिफिकेटची आठवण तिघांना जाते. महिन्यातून एकदा वीस मिनिटं घरचा सर्व्हर मुद्दाम बंद ठेवतो आणि गट दुसऱ्या सर्व्हरवरच्या खात्यावर जाऊन एकमेकांना शोधतो. पहिल्यांदा केलं तेव्हा चाळीसातले अकरा जमले. गेल्या वेळी एकतीस. आणि अम्मीच्या देवघ... माफ करा, अम्मीच्या जानमाजच्या कपाटाच्या आत, दाराला, एक कागद चिकटवलेला आहे. बारा नंबर, पेनाने लिहिलेले. खालाचा पहिला. तुम्हाला घरी जाऊन आजच करता येईल असं यात काही असेल तर तो कागद. आपल्याला किती नंबर पाठ आहेत? मला तीन. त्यातला एक बंद झालाय.

आता ते हॉलचं. या टेबलाखाली माझा लॅपटॉप आणि एक जुना राउटर आहे. राउटरला इंटरनेटची वायर नाही, तुम्ही येऊन बघू शकता. लॅपटॉपवर सर्व्हर चालू आहे. भिंतीवर कागद लावलाय त्यावर वाय-फायचं नाव आणि पासवर्ड आहे, अ‍ॅप लागेल ते राउटरवरूनच उतरवता येईल. जोडून घ्या आणि जेवणाच्या रांगेतून मागच्या कोपऱ्यातल्या माणसाला मेसेज करा. गेला तर मला सांगा. नाही गेला तर आधी सांगा, म्हणजे बिर्याणी संपायच्या आत मी टेबलाखाली शिरते.